फाटकाच्या आत

मी छायाचित्रकार आहे असे सांगितले, की ऐकणारा ठरावीक प्रश्न विचारतो, "लग्नाचे फोटो काढता का?" नाही म्हटले, की दुसरा प्रश्न येतो, "मग सिनेमाचे?" त्यालाही नकार मिळाला, म्हणजे विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी करुणा दिसू लागते. मी बॉयलरची, पंपांची, नळ्यांच्या जाळ्यांची आणि त्यांच्याजवळ काम करणाऱ्या माणसांची चित्रे काढतो हे कळल्यावर तर आमच्या एका वृद्ध मावशीने आईला बाजूला घेऊन हळूच विचारले होते, "पण अगं, बॉयलरला फोटो कशाला लागतो?"

मावशीचा प्रश्न वाटतो तितका भोळा नाही. बॉयलरला फोटो लागत नाही हे खरेच. परंतु कारखानदाराला तो लागतो. त्याच्या वार्षिक अहवालात, मालाच्या माहितीपुस्तकात, परदेशी गिऱ्हाइकाला पाठवावयाच्या पत्रात कारखान्याचे चित्र हवे असते. माल घेणारा हजारो मैलांवर बसलेला असतो. त्याला फाटकातून आत येऊन पाहता येत नाही. म्हणून त्याच्या वतीने मी आत जातो आणि पाहून येतो. गंमत अशी, की दूरच्या माणसाला जे माझ्या चित्रात दिसते, ते कारखान्याच्या भिंतीला लागून राहणाऱ्या मुलांनी कधीच पाहिलेले नसते. भोंग्याचा आवाज ऐकून ती शाळेला निघतात, धुराड्याच्या धुरावरून वाऱ्याची दिशा सांगतात; पण आपले वडील त्या भिंतीपलीकडे आठ तास नेमके काय करतात, हे विचारले तर गोंधळतात. तुमच्यापैकी किती जणांनी आपल्या आईवडिलांची कामाची जागा पाहिली आहे?

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या गाडीत बसले, की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके ओळीने येतात. माझ्या कामाचे निम्मे दिवस याच पट्ट्यात गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळच्या माळावर सैनिकांसाठी बराकी बांधल्या होत्या. १९४७ साली देशाची फाळणी झाली आणि सिंध प्रांतातून घरदार सोडून आलेल्या हजारो कुटुंबांना त्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. आजही तेथील माणूस पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर चार' किंवा 'कॅम्प नंबर पाच' असेच म्हणतो. हातात काही नसताना आलेल्या या लोकांनी खोलीखोलीत उद्योग उभे केले. शेजारच्या शहाडला १९५६ साली सेंच्युरी रेयॉनचा कारखाना सुरू झाला. अंबरनाथचे कारखाने त्याहून जुने. १९१९ साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी कंपनीने तेथे गंधकाम्ल आणि खते तयार करावयास आरंभ केला; पुढे आगकाड्यांचा विम्कोचा मोठा कारखाना आला; स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याचे कारखाने आले. विम्को नाका हे नाव अजूनही तेथे लोकांच्या तोंडी आहे. उल्हास नदीच्या काठचे बदलापूर पुष्कळ दिवस शेतीवाडीचे गाव होते. नंतर तेथेही औद्योगिक वसाहत झाली आणि रसायनांचे लहानमोठे कारखाने उभे राहिले.

कारखान्यात चित्र काढावयास जाणे म्हणजे कॅमेरा खांद्याला अडकवून चालू लागणे नव्हे. फाटकावरच माझी अर्धी मिळकत काढून घेतली जाते. मोबाइल फोन, आगकाडी, लायटर हे सर्व रखवालदाराच्या कपाटात बंद होते. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर चष्मा आणि पायांत पोलादी टोकाचे जड बूट चढतात. त्यानंतर सुरक्षा अधिकारी समोर बसवून घेतात आणि भोंगा वाजला तर कोणत्या दरवाजाने बाहेर पडावयाचे, वारा कोणत्या दिशेचा आहे हे कसे पाहावयाचे, अंगावर अम्ल उडाले तर पाण्याचा फवारा कोठे आहे, हे समजावून देतात. मी हा पाठ शेकडो वेळा ऐकला आहे. तरी प्रत्येक वेळी कान देऊन ऐकतो, कारण प्रत्येक कारखान्याचा दरवाजा निराळा असतो.

काही विभागांत तर कॅमेराही सहजासहजी नेता येत नाही. रेयॉनचेच उदाहरण घ्या. लाकडाचा लगदा दाहक सोड्यात भिजवतात आणि त्यावर कार्बन डायसल्फाइड नावाच्या द्रवाची प्रक्रिया करतात. तेव्हा नारिंगी रंगाचा भुगा तयार होतो. तो विरघळवला, की मधासारखा दाट रस मिळतो. केसाहूनही बारीक छिद्रांच्या चकतीतून हा रस अम्लाच्या कुंडात सोडला, म्हणजे प्रत्येक छिद्रातून एकेक चकचकीत तंतू बाहेर पडतो. लाकडाचे रेशीम होते ते असे! पाहताना कितीही वेळ डोळे हलू नयेत असे हे दृश्य आहे. परंतु तो कार्बन डायसल्फाइड असा तापट, की ठिणगी तर राहोच, वाफेने तापलेल्या नळीच्या नुसत्या उष्णतेनेही त्याची वाफ पेटू शकते. अशा रसायनांच्या आसपास कॅमेऱ्याचा दिवा लखकन उडवणे म्हणजे आगीला आमंत्रणच. तेथे आधी लेखी परवाना घ्यावा लागतो, हवेत ज्वालाग्राही वायू नाही याची यंत्राने तपासणी व्हावी लागते, आणि तेव्हा कोठे कॅमेरा पिशवीबाहेर येतो. कधी परवाना मिळतच नाही. मग मी काचेच्या खिडकीबाहेरून जे दिसेल त्यावर समाधान मानतो. एका चित्रापायी कारखाना धोक्यात घालण्याचा अधिकार कोणत्याही छायाचित्रकाराला नाही.

दिवा लावावयाचा नाही, तर उजेड आणावयाचा कोठून? माझ्या धंद्यातली खरी विद्या ती हीच. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवावयाचा, त्याचा पडदा अर्धा सेकंद, एक सेकंद, कधी दोन सेकंद उघडा ठेवावयाचा आणि असेल तेवढा प्रकाश आत साठू द्यावयाचा. आपल्या डोळ्याला सर्व दिवे पांढरेच वाटतात; कॅमेरा मात्र भाबडा असतो, तो जसे आहे तसे सांगतो. सोडियमच्या दिव्याखाली सारा कारखाना हळदीने माखल्यासारखा येतो, जुन्या नळीदिव्याखाली हिरवट येतो आणि छपराच्या फटीतून पडलेला दिवसाचा प्रकाश निळा दिसतो. तिन्ही एकाच चित्रात आले, तर त्यांची समजूत घालता घालता संध्याकाळ होते. पावसाळ्यात आणखी एक उपद्व्याप. थंड हवेच्या नियंत्रणकक्षातून बाहेरच्या दमट शेडमध्ये पाऊल टाकले, की भिंगावर क्षणात दव बसते. ते पुसून उपयोग नसतो, कारण पुसता पुसता पुन्हा बसते. कॅमेरा बाहेरच्या उष्णतेला सरावेपर्यंत अर्धा तास गप्प बसावे लागते. बरोबर आलेले अधिकारी तेवढ्या वेळात चार वेळा घड्याळ पाहतात.

प्रकाशाचे पहिले धडे मी कारखान्यात नव्हे, तर अंबरनाथच्या शिवमंदिरात घेतले. वालधुनीच्या काठचे हे काळ्या दगडाचे मंदिर शिलाहार राजांच्या काळातले. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० हे वर्ष कोरलेले आहे. भर दुपारी गेलात, तर भिंतींवरील मूर्ती सपाट आणि रुक्ष भासतील. उन्हे कलली, प्रकाश बाजूने येऊ लागला, की त्याच भिंतीतून हात, पाय, दागिने, वस्त्रांच्या चुण्या एकेक करून वर येऊ लागतात. दगड तोच असतो. उजेडाची दिशा तेवढी बदललेली असते. पोलादाच्या टाकीलाही हाच नियम लागू पडतो. म्हणून टाकीवर बाजूने ऊन यावे यासाठी मी कित्येकदा पहाटेची पहिली गाडी पकडून फाटकावर जाऊन उभा राहिलो आहे.

प्रकाशासाठी याहून मोठी धडपड केलेल्या एका बाईंची हकीकत सांगण्यासारखी आहे. मार्गारेट बर्क-व्हाइट हे त्यांचे नाव. १९२८ च्या सुमारास अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरी पोलादाच्या कारखान्यात त्या चित्रे काढू लागल्या. वितळलेले पोलाद डोळे दिपवील इतके लाल तापलेले असे. पण त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. जे डोळ्यांना आगीचा लोळ वाटे, ते कागदावर काळोख होऊन उतरे. अखेर त्यांनी मॅग्नेशियमच्या मशाली पेटवून त्यांच्या पांढऱ्या झगझगाटात ती चित्रे साधली. महात्मा गांधी चरख्यामागे बसून वाचीत आहेत, ते प्रसिद्ध चित्र तुम्ही पाहिले असेल. ते १९४६ साली याच बाईंनी काढले. आपल्याकडे या कलेचा पाया घातला तो मित्तर बेदी यांनी. १९२६ साली लाहोरला जन्मलेल्या या गृहस्थांनी मुंबईला आपले कार्यक्षेत्र मानले आणि स्वतंत्र भारतात उभ्या राहिलेल्या कारखान्यांची अशी चित्रे काढली, की लोखंडाच्या सांगाड्यांतही शोभा असते हे पाहणाऱ्याला पटावे.

आता मला सर्वांत अधिक अडचण कशाची होते ते सांगतो. ती ना प्रकाशाची, ना परवान्याची. ती आहे तीन शब्दांची. मी कॅमेरा लावतो, भिंगातून पाहतो, आणि नेमक्या त्याच क्षणी यंत्राजवळचा कामगार अदबीने म्हणतो, "बाजूला होतो, साहेब." आपल्या असण्याने चित्र बिघडेल, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. वर्षानुवर्षे ज्या यंत्राला त्याने तेलपाणी केले, ज्याच्या आवाजातला किंचित बदलही तो पाठमोरा असताना ओळखतो, त्या यंत्राचे चित्र काढताना तोच बाहेर जाऊ पाहतो! कधी कधी अधिकारीही त्याला हाताने खूण करून दूर सारतात. अशा वेळी मी मोठी तत्त्वे सांगत बसत नाही. मी एवढेच म्हणतो, "हे बाजूला झाले, तर तुमची ही टाकी चहाच्या किटलीएवढी दिसेल." आणि ते अक्षरशः खरे आहे. माणूस जवळ नसेल, तर टाकी दोन मजली आहे की दोन वीत, हे पाहणाऱ्याला कळावयाचे कसे? मग त्याला परत बोलावले जाते. पडदा एक सेकंद उघडा राहणार असल्यामुळे मी त्याला स्तब्ध राहावयास सांगतो. तो श्वास रोखून उभा राहतो. चित्रात यंत्राचा पट्टा हलल्यामुळे पुसट येतो, माणूस तेवढा ठळक येतो.

बदलापूरच्या वसाहतीतील एका लहान कारखान्यात एकदा असे झाले. दाहक सोड्याची पोती पिंपात रिकामी करण्याचे काम चालले होते. हा सोडा त्वचेवर पडला तर जाळतो आणि डोळ्यात गेला तर दृष्टी घालवू शकतो. आठ माणसे काम करीत होती. कोणाच्याही हातात मोजे नव्हते, डोळ्यांवर चष्मा नव्हता. कामगारांच्या डोळ्यांचे रक्षण करण्याची जबाबदारी १९४८ च्या कारखाना कायद्यानेच मालकावर टाकलेली होती. पण कायदा पुस्तकात असतो आणि पोती शेडमध्ये. माझा कॅमेरा पाहताच पर्यवेक्षक लगबगीने गेले आणि कपाटातून हातमोज्यांची एक नवी कोरी जोडी व चष्मा घेऊन आले. मोज्यांवरची किमतीची चिठ्ठी काढून त्यांनी ते सर्वांत पुढच्या माणसाला चढवले आणि मला म्हणाले, "हं, काढा आता."

तो माणूस दोन्ही हात अंगापासून दूर धरून, नव्या कपड्यांतल्या लहान मुलासारखा उभा होता. मी तिपाई मिटवली. व्यवस्थापकांना म्हणालो, "हे चित्र ज्या गिऱ्हाइकाकडे जाणार, त्याचे इंजिनिअर हे पाहणार. मोजे आत्ताच दुकानातून आले आहेत हे त्यांना एका नजरेत कळेल. यांना दुपारी तीनपर्यंत यात काम करू द्या, मग काढतो. आणि मागे सात जण दिसतात, त्यांचे हात उघडे आहेत." व्यवस्थापक व्यवहारी गृहस्थ होते. ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग भांडाराच्या माणसाला बोलावून त्यांनी आणखी सात जोड्या आणवल्या.

तीन वाजता मी परत गेलो, तेव्हा मोज्यांवर डाग पडले होते, बोटांच्या जागी सुरकुत्या बसल्या होत्या. सर्वांचे हात पुन्हा कामाच्या लयीत आले होते. चित्र उत्तम निघाले. संध्याकाळी तो पुढचा माणूस मोजे काढून भांडारात जमा करावयास निघाला, तेव्हा व्यवस्थापक म्हणाले, "असू देत तुझ्याकडेच." आणि माझ्याकडे वळून हसत म्हणाले, "तुमचा फोटो फार महागात पडला हो!" वर्षभराने मी पुन्हा तेथे गेलो. पाच जणांच्या हातांत मोजे होते. उरलेल्यांचे फाटले होते, आणि फाटके मोजे खुंटीला टांगलेले होते. मी पुन्हा तिपाई उघडली आणि पुन्हा तेच बोलणे काढले.

चित्राने याहून कितीतरी मोठे कामही केले आहे. १९०८ सालापासून लुइस हाइन नावाचे एक शिक्षक अमेरिकेतील गिरण्या, खाणी आणि काचकारखाने हिंडू लागले. तेथे तुमच्याएवढी, कित्येक तर तुमच्याहून लहान मुले दिवसरात्र राबत असत. मालक कॅमेरा आत येऊ देत नसत. म्हणून हाइन कधी निरीक्षक, कधी विक्रेता असल्याचे सांगून आत शिरत. मुलांची उंची किती, हे मोजपट्टी काढून मोजणे शक्य नसे. त्यांनी आपल्या कोटाची बटणे जमिनीपासून किती उंचीवर आहेत हे आधीच ठरवून ठेवले होते; मूल कोणत्या बटणापर्यंत येते ते पाहून खिशातल्या खिशात ते टिपून घेत. मुलांना कामाला जुंपण्याविरुद्ध तेथे जे लोकमत तयार झाले, त्यात या चित्रांचा वाटा मोठा होता. मी हाइन नव्हे. मला मालकच बोलावतात आणि मालकच पैसे देतात. तरीही चौकटीत कोणाला ठेवावयाचे याचा निर्णय पुष्कळसा माझ्या हाती असतो, आणि तो मी सहसा सोडत नाही.

अंबरनाथच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळणारे एक गृहस्थ होते. मी चित्र काढीत असताना ते आपणहून बाजूला झाले नाहीत. बाजूला होणे त्यांना शक्यच नव्हते. बॉयलरच्या अंगाला काचेची एक उभी नळी असते. आत पाणी किती आहे, हे तिच्यात दिसते. पाणी फार उतरले तर आतल्या नळ्या तापून फुटतात आणि मोठा अनर्थ होतो. आठ तासांच्या पाळीत या गृहस्थांची नजर त्या नळीवरून फार वेळ हलत नसे. आगीच्या झरोक्यातून येणारा तांबूस प्रकाश त्यांच्या गालावर पडला होता, आणि काचेतील पाण्याची रेघ त्यांच्या डोळ्यांच्या बरोबर समोर होती. माझे काम आटोपल्यावर ते संकोचाने म्हणाले, "साहेब, याची एक प्रत मिळेल का? मुलगी सातवीत आहे. विचारते, बाबा तुम्ही कारखान्यात करता तरी काय? मी सांगतो, बॉयलर बघतो. ती म्हणते, नुसते बघण्याचे पगार देतात?"

कारखान्यातील चित्र बाहेर देणे माझ्या हाती नसते; ती कारखान्याची मालमत्ता. मी अर्ज केला. तो तीन टेबलांवरून फिरला. एका अधिकाऱ्यांनी मागच्या फळ्यावरचे आकडे झाकावयास सांगितले, ते मी झाकले. तीन आठवड्यांनी परवानगी आली. मी चांगल्या जाड कागदावर मोठी प्रत करून त्यांना नेऊन दिली. त्यांनी ती दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवली.

पुढच्या खेपेस ते फाटकाशीच भेटले. चित्र पाहून मुलगी काय म्हणाली, असे मी विचारले. ते म्हणाले, "तिने माझ्याकडे पाहिलेच नाही हो! म्हणाली, बाबा, ही नळी अर्धीच का भरली आहे? पुरती का भरत नाही? मग तिला वाफेला जागा का लागते, पाणी वर गेले तर काय होते, खाली गेले तर काय होते, हे सगळे सांगत बसलो. जेवण निवून गेले. आता रोज रात्री घरी गेलो, की आधी विचारते, आज पाणी कुठपर्यंत होते?"

तेवढ्यात पाळीचा भोंगा झाला. ते डब्याची पिशवी सावरीत आत गेले, आणि मी रखवालदाराकडे मोबाइल जमा करावयास वळलो.